न व्यालेल्या ठकीची पिल्लं

मी ठकी बोलतेय. जात पॉमेरियन, राहणार तिसगावच्या शिवारातल्या एका वस्तीवर. हसू नका. एवढ्याशा अंगाची कुत्री राखणीला ठेवतात का, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, आणि मी त्याच्या टाचेला दात लावून दाखवते. रंगाने मी पांढरी आहे म्हणतात. इथल्या फुफाट्यात त्याची खात्री करून घ्यायची काही सोय नाही.

माझा जन्म तिकडे पश्चिमेला, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत झाला. तिथल्या एका बाईंकडे माझी आई गादीवर झोपायची. भागवत आणि सविता हे नवरा-बायको दर वर्षी त्या भागात ऊसतोडीला जातात. हंगाम सरला तेव्हा बाईंनी शेवटचं उरलेलं पिल्लू, म्हणजे मला, सविताच्या ओच्यात टाकलं. मग हंडे, कोंबड्या, गोधड्या आणि मी, अशी आमची वरात ट्रॉलीतून गावाकडे निघाली. सविताने वाटभर मला पदराखालून बाहेर काढलंच नाही.

"अगं, कुत्रं हाय ते, लेकरू न्हाई," भागवत म्हणाला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली आणि पदर आणखी ओढून घेतला.

घरात तिसरी लंकाबाई, भागवतची आई. तोंडाने महाफटकळ. "हे काय कापसाचं बोंड आनलंस?" असं तिने पहिल्या दिवशी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून माझ्यापुढे ठेवली. लेकरू त्या घरात नव्हतं. सविताला एकदा दिवस गेले होते, ते मोळ्या उचलताना फडातच गेलं. अंगावरून जायचं थांबेना म्हणून पुढच्या वर्षी तिची पिशवीच काढून टाकली. हे मला मुद्दाम कुणी सांगितलं नाही. बाया पाण्याला आल्या की बोलतात, आणि कुत्र्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही.

उन्हाळ्यात मला लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या रुपाली डॉक्टरांनी माझे दात बघितले, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "लहान चणीची जात आहे, ही लवकर माजावर येणार. मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या ऑपरेशनला आपण वाढ पुरी होईपर्यंत थांबतो, हिच्या थांबायला नको. सहा महिन्यांची व्हायच्या सुमारास, पहिल्या माजाच्या आधीच आणा. पिशवी काढून टाकू. पुढं आचळाच्या गाठी व्हायची भीती राहत नाही."

सविताचा हात माझ्या पोटावर होता. 'पिशवी' म्हटल्याबरोबर तिची बोटं आखडली. तिने मला टेबलावरून उचललं आणि ती सरळ बाहेर चालू लागली. भागवत मागून "अगं, थांब की!" म्हणतोय, पण ऐकतंय कोण. घरापाशी आल्यावर ती एवढंच बोलली, "मलाबी असंच म्हनले हुते. काढून टाका, न्हाईतर गाठ व्हईल."

लंकाबाईचं कारण वेगळं होतं. "एक वेत तरी हुंद्या. मुक्या जितराबाचा तळतळाट कशाला घ्यायचा?" सासू-सुनेचं एरवी मिठावरून जमत नाही, पण माझ्या बाबतीत दोघींचं एकमत झालं. ऑपरेशनची ती वेळ निघून गेली.

आखाडात मी माजावर आले. पहिल्या दिवशी ढाब्यावरचा तांबडा कुत्रा आला. मग मेंढरांमागचा काळा, त्याचं नुसतं डोकंच माझ्याएवढं. मग कुठून कुठून आले देव जाणे. पण बाई गं, त्यातला एकही भुंकला नाही. भर दुपारी, ऊन डोक्यावर, आणि ते सगळे घराला गोल करून बसलेले, तोंडं आमच्या दाराकडे. सावलीलाही जाईनात. लंकाबाईने दगड मारला की उठायचे, दगडाला वाट द्यायचे आणि पुन्हा त्याच जागी बसायचे. सविता आतून कडीला हात धरून उभी असायची. मी एरवी वाघीण, पण तेव्हा तिच्या पायात शिरून बसले होते.

माज उतरला तसे ते निघून गेले. एकही मला शिवला नव्हता.

मग पितर पंधरवडा आला. घरच्या पितरांचा दिवस होता. लंकाबाईने पत्र्यावर घास ठेवला आणि ती हात जोडून कावळ्याची वाट बघत उभी राहिली. एवढं मोठं शिवार, पण त्या दिवशी कावळा म्हणून फिरकला नाही. मी तेव्हा बाजेखाली होते. सविता ऊस तोडताना लुगड्यावर जो पुरुषी शर्ट घालते, तो मी दोन दिवसांपासून ओढून नेऊन उकरून उकरून गोल केला होता. का, ते मलाही कळत नव्हतं. माझी आचळं भरून आली होती.

आणि ती आली. तीन पिल्लं. मी व्याले नाही, कळा आल्या नाहीत, हे मलाही समजतं, मी काही खुळी नाही. पण एक बाहीत होतं, एक कॉलरपाशी आणि सगळ्यात धाकटं खिशाच्या कोपऱ्यात. त्यांना ओला, गोड वास होता. मी चाटलं की हलायची.

लंकाबाईने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "कुत्रा शिवला न्हाई, पोट आलं न्हाई, मग दूध कुठनं आलं गं बाई?" तिने लिंबू-मिरच्या माझ्यावरून उतरवून तिठ्यावर नेऊन टाकल्या. भागवतला शर्टात शर्टच दिसला.

सविता मात्र बाजेखाली सरकली. तिने शर्टावर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, ऊब हाय."

मग तिने बाहीला हात लावला नाही, कॉलरला लावला नाही. खिशाच्या कोपऱ्याखाली दोन्ही तळवे घातले आणि अलगद काहीतरी उचलून ओच्यात घेतलं. रिकामे हात कुणी तसे उचलत नाही. मी गुरगुरले, कारण तिने नेमकं धाकटंच उचललं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी ती भिंतीला टेकून मांडी घालून बसायची. गुणगुणायची. जेवणाकडे लक्ष नाही, हाकेला ओ नाही. एकदा भागवत वैरण टाकून घरात आला आणि दारातच थबकला. तिचा ओचा मधोमध खाली ओढला गेला होता, आत काहीतरी असल्यासारखा. त्याने टोपी काढली, तोंड पुसलं आणि तो आल्या पावली मागे फिरला. त्या दिवशी तो गोठ्यातच जेवला.

दसरा जवळ आला. तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू झाले. तेव्हा भागवतने आजवर पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "ठकीची आई गेली. कॉलनीतल्या बाईंचा फोन आल्ता. मोठा कुत्रा लागला, पिल्लं मोठाली झाली, अडली आन गेली. आता ही फुडच्या टायमाला माजावर येनार ती तिकडं पाचटाच्या कोपीत. तिथं काय दार हाय, काय कडी हाय? सविता, ही मरंल गं."

सविता शर्ट छातीशी घेऊन बसली. "तिची लेकरं हायेत. आता कसं काढनार?"

भागवत घाबरला होता. माझ्यासाठी थोडा आणि तिच्यासाठी फार. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि दवाखाना गाठला. सविता मागोमाग आली, अनवाणीच, शर्ट तसाच कवटाळून.

डॉक्टरांनी माझी आचळं बघितली. "पोटात काही नव्हतं हो. माज होऊन गेला की दोनेक महिन्यांनी काही कुत्र्यांच्या अंगाला वाटतं, आपण व्यालो. दूध येतं. बिछाना करतात, चपला सांभाळत बसतात."

"मग काढा आजच्या आज," भागवत म्हणाला. "टोळी निगायची हाय."

"आज नाही. दूध असताना काढली तर हे लांबतच जाऊ शकतं. आधी दूध आटू द्या. मग काढू, पण पुढच्या माजाच्या आत."

सविता टेबलापाशी आली. "डाक्टर, हिची हाडं दुखत्याल का? अंगाची आग व्हईल? घामाघूम हुन उठंल का?"

रुपाली डॉक्टरांनी हातातलं सामान खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. "कुत्रीला तसं होत नाही, ताई. वजन वाढेल, खाणं आवरावं लागेल. एखादीची पुढं लघवी थेंब थेंब गळते, तेही सांगून ठेवते. पण नाही काढली तर पिशवीत पू होऊ शकतो. एक माज होऊन गेला, तरी गाठींच्या दृष्टीनं अजून फार उशीर झालेला नाही. आणि मोठ्या कुत्र्याची भीती तर आहेच."

"आन मी न्हाई म्हनलं तर?"

"तर नाही. घरी न्या, माजात नीट सांभाळा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

सविता माझ्या पाठीत तोंड खुपसून रडली. माझे केस चिंब झाले. "मला कुनी इतकं सांगितलं न्हाई. कुनी इचारलंच न्हाई. टाके वले हुते तवाच मोळ्या उचलल्या म्या." भागवत भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या अंगाला भीतीचा वास येत होता, आणि लाजेचाही.

मग ती ताठ झाली. "काढा. पन हिचे टाके सुकस्तवर मी फडात न्हाई येनार."

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडीच धरतात, त्यातलं एक माणूस नाही म्हणजे काम नाही. भागवतने तिथूनच मुकादमाला फोन लावला. कुत्रीचं ऑपरेशन आहे म्हटल्यावर पलीकडचं हसणं मलाही ऐकू आलं. "हसा," भागवत म्हणाला, "पन आमी मागनं येनार."

दूध आटलं. दसऱ्यानंतर टोळी गेली आणि त्याच आठवड्यात मला टेबलावर घेतलं. सुई टोचली तशी गुंगी चढू लागली. डोळे मिटता मिटता मला तिघंही दिसली, टेबलाखाली. दोन दाराबाहेर गेली. धाकटं उंबऱ्यापाशी थांबलं, वळलं आणि सविताच्या पायापाशी येऊन बसलं.

आता पोटाला पट्टा आहे. वस्ती रिकामी झाली आहे, घराघराला कुलपं. सविता माझ्याजवळ बसून असते. काल लंकाबाईने तिच्यापुढे तूप घातलेल्या गरम शिऱ्याची ताटली ठेवली आणि पाठ फिरवून म्हणाली, "खा. तवाच द्यायला पायजे हुता." सविताने ताटली ओढून घेतली आणि सगळा शिरा खाल्ला.

तुमच्याकडे माझ्यासारखी लहानखुरी कुत्री असेल तर वेळेत डॉक्टरांना विचारा, उगाच पहिल्या वेताची वाट बघत बसू नका. आणि घरातल्या बाईचं काही ऑपरेशन ठरलं असेल तर आधी तिला विचारा. एवढंच मागणं आहे.

दुपार झाली. सविता भिंतीला टेकून मला मांडीवर बोलावतेय. तिचा ओचा मधोमध खाली गेलेला आहे. मी आता गुरगुरत नाही. जाते, आणि डाव्या बाजूला थोडी जागा सोडून झोपते.