लाकडी मोराचं काय झालं

आनंदीबाईंनी विळीचं पातं पदराने पुसलं, छापखान्यातून नुकत्याच आलेल्या फर्म्याची, म्हणजे छापील तावाची, घडी त्यावर धरली आणि सर्रकन ओढली. जोडलेली पानं सुटी झाली.

"काकू, सकाळी ह्याच विळीवर बोंबील कापलेत ना?" गुणाजीने विचारलं.

"मग? तुझ्या शाईला तरी कुठे केवड्याचा वास येतोय!"

ओसरीवरची पोरं खिदळली.

खोताच्या वाडीतल्या ह्याच ओसरीवर गुणाजी लहानपणी बसत असे. आनंदीबाई आपल्याजवळची एक जुनी कादंबरी पोरांना वाचून दाखवायच्या. तिच्यात एक राजकन्या होती, एक जादूगार होता आणि राजकन्येला पाठीवर घेऊन उडणारा लाकडी मोर होता. पुस्तकाची शेवटची पानं मात्र वाळवीने खाल्ली होती. आता गुणाजीने गिरगावात स्वतःचा छापखाना काढला होता. "जादूटोण्याच्या गोष्टी हल्ली कोण वाचतं?" असं म्हणून मित्र हसले, तरी त्याने तीच कादंबरी पुन्हा छापायला घेतली. भायखळ्याच्या एका गृहस्थाच्या पेटीत अखंड प्रत सापडली, तेव्हा कुठे तो स्वस्थ झाला. आज आणलेल्या ह्या शेवटच्या फर्म्याची मुद्रितं त्याने स्वतः तपासली होती.

"आमच्या वेळी मोर लंकेला गेला होता," तो म्हणाला.

"नाही काही! तो प्रधान झाला!" धर्मा ओरडला.

"माझ्या ताईच्या वेळी तर त्याचं लग्न लागलं," दमयंती म्हणाली.

सगळे आनंदीबाईंकडे बघू लागले.

"पानंच नव्हती, मग काय करू? गोष्ट अर्धी टाकून तुम्हाला घरी धाडू?" त्या हसल्या. "खरं काय झालं, ते मलाही ठाऊक नाही. तीस वर्षं जीव टांगणीला लागलाय. गुणाजी, तू सांगू नकोस हं!"

त्यांनी पानं पोरांतल्या मृणालिनीच्या हातात दिली. तिला अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

"आज तू वाच. मी ऐकणार." आणि त्या पोरांमध्ये मांडी घालून बसल्या.

मृणालिनीने आपल्या सवयीने आधी शेवटचं पान पाहिलं. तिचा चेहरा उतरला. मग पहिल्या पानाकडे वळून ती वाचू लागली. वाड्याला आग लागली, मोराने झेप घेतली, राजकन्या सुखरूप पोचली. मोराचे पंख काळे पडले होते, ते राजकन्येने हळदीकुंकवाने पुन्हा रंगवले, आणि दर सणाला तो गावातल्या मुलांना पाठीवर घेऊन फिरवू लागला.

पोरांनी टाळ्या पिटल्या. गुणाजी मान खाली घालून बसला. हळदीकुंकवाचं एक अक्षरही त्याच्या छापखान्यात जुळवलं गेलं नव्हतं.

"छान," आनंदीबाई म्हणाल्या. "पण पान न उलटता कादंबरी संपवायची युक्ती माझी आहे, बयो."

मृणालिनी गोरीमोरी झाली.

"आता उलट, आणि वाच."

"आजी, मोराचं बरं नाही झालंय."

"असू दे. तुझं ऐकलं, आता त्याचं ऐकू."

मृणालिनी सरकून त्यांना खेटून बसली. एका हाताने तिने आजीचा पदर धरला आणि दुसऱ्या हाताने पान उलटलं.