खुणांच्या प्रसंगातला हशा

प्रेक्षक हा कलेचा अंतिम न्यायाधीश असतो आणि त्याच्यासमोर कलावंताने नम्रपणे उभं राहावं. त्या शुक्रवारी न्यायाधीश जेमतेम चार रांगा भरतील एवढेच आले होते. त्यातली एक रांग घरच्यांची होती, आणि तिच्यातले दोन न्यायाधीश मध्यंतराआधीच घोरायला लागले होते.

वहिनी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ती चित्रपटाची संकलक. दिग्दर्शक तिचा धाकटा दीर, तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून नायकापासून वायरी गुंडाळणाऱ्यापर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणायचे. पडद्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती माना बघत होती. माणसाच्या तोंडापेक्षा मान जास्त खरं बोलते, असं तिचं मत. कंटाळलेली मान कलते, गुंतलेली पुढे सरकते, आणि मोबाइल बघणाऱ्याची हनुवटीखालून उजळते.

चित्रपट प्रेमाचा आणि विनोदाचा होता. नायक दूर देशातून आलेला, दारातून वाकून आत येणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा. नायिका चष्म्याच्या दुकानात काम करणारी. तिला ऐकू येत नाही, ती हातांच्या खुणांनी बोलते. नायकाच्या आईला नायिकेच्या बापाची भाषा येत नाही, तरी दोघं पहिल्या भेटीतच कडाडून भांडतात. एका वर्तमानपत्राने या 'नानाविध चेहऱ्यांच्या धाडसी निवडी'चं कौतुक केलं होतं. खरी गोष्ट अशी की दिराने आपल्या इमारतीत खाली एक सूचना लावली होती आणि जे आले त्यांना घेतलं होतं. इमारतच तशी देशोदेशीच्या भाडेकरूंची होती. सासूबाईही आल्या, म्हणून चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक झाल्या. त्या पडद्यावर दिसल्या की घरची रांग टाळ्या वाजवायची.

शेवटाकडे तो प्रसंग आला. नायक गुपचूप खुणा शिकून दुकानात येतो, अडखळत लग्नाचं विचारतो, आणि ती खुणांनीच उत्तर देते. संगीत नाही, एरवी पडद्याखाली येणारी संवादाची ओळ नाही. नुसते हात आणि तिचा चेहरा. दिराने तिच्या तोंडी, म्हणजे हाती, एक वाक्य लिहिलं होतं: 'तू चष्मा घ्यायला आलास, पण माझ्याआधी तुलाच सगळं स्पष्ट दिसलं.' हे वाक्य खाली लिहून दाखवायचं नाही, यासाठी वहिनी आठवडाभर त्याच्याशी भांडली होती. चेहरा पुरेसा आहे, असं तिचं म्हणणं. सगळे टेक बघून बघून तिने त्यातला एक निवडला होता. त्यात नायिकेच्या डोळ्यांत अशी काही माया उतरली होती की वहिनी संगणकासमोर एकटीच रडली होती.

सभागृहात शांतता पसरली. माना पुढे सरकल्या. कुणीतरी नाक ओढलं.

आणि डाव्या कोपऱ्यातले पाचसहा जण खो खो हसले.

बाहेर आल्यावर जिन्यापाशी दिराची गाठ पडली. त्याचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या हुशार मुलासारखा झाला होता.

"ऐकलंत ना वहिनी? माझ्या सर्वांत हळव्या प्रसंगाला हसले."

"सगळे नाही हसले. एक कोपरा हसला."

"आग कोपऱ्यातच लागते. थिएटरवाले काका म्हणालेत, रविवारपर्यंत लोक काय म्हणतात ते बघून दुसऱ्या आठवड्याचं ठरवू. त्याआधी एक तर तो प्रसंग काढा, नाहीतर खाली माझं वाक्य टाका."

"पण हसले का, ते तरी कळू दे."

"न कळल्यामुळे हसले. म्हणून तर म्हणतोय, वाक्य टाका."

"रविवार सकाळपर्यंत थांब. नाही कळलं तर तुझं वाक्य टाकते, आणि ठळक टाकते."

वहिनी बाहेर पडणाऱ्यांच्या घोळक्यात शिरली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, चित्रपट उत्तम आहे, फक्त लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस इतक्या लांब बाह्यांचा शर्ट घालणार नाही, अडकेल. एका जोडप्यातल्या बाईने विचारलं, "लग्नानंतर दोघांच्या आईबापांना त्या दोन खोल्यांत ठेवणार कसं, ते दाखवलंच नाही." तिचा नवरा म्हणाला, "विनोदी चित्रपट आहे, म्हणून नाही दाखवलं." एक तरुण समीक्षक अस्मितेबद्दल बराच वेळ बोलला आणि शेवटी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून गेला. माणसं इतक्या रंगांची आणि इतक्या देशांची का, हे एकानेही विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर दिराने पाठ करून ठेवलं होतं; ते वाया गेलं. हसणारा कोपरा मात्र तोवर निघून गेला होता.

शनिवारच्या खेळाला तो कोपरा परत आला, आणि येताना आणखी दोन रांगांइतकी माणसं घेऊन आला. वहिनीला नवल वाटलं. चित्रपटाची टर उडवणारा माणूस तिकीट काढून मित्रमंडळींसह परत येत नाही. माना बघून काही उलगडेना, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच ती पुढे गेली आणि पडद्याच्या बाजूला स्टूल टाकून प्रेक्षकांकडे तोंड करून बसली.

पडद्याचा उजेड लोकांवर पडला होता, आणि डाव्या बाजूला हात हलत होते. मांडीजवळ, छातीसमोर, शेजाऱ्याच्या नाकापुढे, भराभर. मागून हे कधी दिसलंच नसतं. त्यांच्यापैकी कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि सगळे मनमुराद गप्पा मारत होते.

तो प्रसंग आला. उजवी बाजू रडली. डावी बाजू हसून लोळली.

खेळ संपल्यावर वहिनीने त्यांच्यातल्या लाल टोपीवाल्याला गाठलं आणि मोबाइलवर लिहिलं, 'मी या चित्रपटाची संकलक. तुम्ही का हसलात?'

टोपीवाल्याने वाचलं. तिच्याकडे नीट निरखून बघितलं. मग लिहिलं, 'तुम्हाला खरंच माहीत नाही?'

'नाही.'

'ती लग्नाबद्दल काही बोलतच नाहीये.'

वहिनीने घाईघाईने लिहिलं, 'मग काय बोलतेय?'

टोपीवाला सावकाश टाइप करू लागला. मित्र त्याच्या खांद्यावरून डोकावत होते. 'ती म्हणते, घाबरू नकोस, तुझे हात छान चाललेत. माझे बूट चावतायत. या दिग्दर्शकाने अजून एकदा करायला सांगितलं तर मी अनवाणी घरी जाईन, आणि तूही चल, आई जेवायला थांबलीय.' त्याने पुढे लिहिलं, 'लेखकाला आमचा नमस्कार सांगा. आमच्या घरी असंच बोलतात.'

वहिनीने तिथल्या तिथे नायिकेला निरोप धाडला. ती लपवाछपवी करणारी नव्हतीच. तिचं उत्तर आलं: 'हो. तो बिचारा थरथरत होता. तुम्हा कुणाला खुणा येत नव्हत्या. मला वाटलं, हा टेक तुम्ही फेकून द्याल.'

फेकून द्यायचा टेक वहिनीने शंभरातून वेचून काढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ती माया खोटी नव्हती, एवढं तिला आता पक्कं कळलं; नायिका खरोखरच एका घाबरलेल्या माणसाची समजूत घालत होती. लिहून दिलेलं वाक्य म्हणताना मात्र ती प्रत्येक टेकमध्ये पाठांतर म्हटल्यासारखी दिसत होती.

रविवारी सकाळी तिने दिराला घरी बोलावून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं वाक्य चित्रपटात नाहीच?"

"कुठेच नाही."

"आणि लोक रडले ते बुटांवर?"

"बुटांवर नाही रे. 'घाबरू नकोस'वर रडले."

"मग हेच खाली लिहू या. सगळेच हसतील."

"आणि रडायचे थांबतील. मी ओळ टाकणार नाही, प्रसंग काढणार नाही, आणि टेकही बदलणार नाही. काका नाही म्हणाले तर नाही."

"आईला सांगू नका," दीर म्हणाला. "तिने तो प्रसंग चारदा वाखाणलाय."

संध्याकाळच्या खेळाला थिएटर निम्मं भरलं, आणि त्यातला निम्मा भाग हातांनी बोलणारा होता. उजवीकडच्या रडणाऱ्या बाया डावीकडे बघून गोंधळल्या. बाहेर पडताना दोघीतिघी त्यांना मोबाइल पुढे करून काहीतरी विचारत होत्या. वहिनी ते डोळे भरून बघत उभी राहिली.

थिएटरवाल्या काकांनी दोघांना कचेरीत बोलावलं आणि दुसरा आठवडा दिला.

दीर हरखला. "प्रेक्षकांना कुठला प्रसंग भिडला म्हणता काका?"

काकांनी चित्रपट अजून बघितला नव्हता. पुढच्या शुक्रवारी लागणारा दुसरा चित्रपट पूर्ण झाला नव्हता, म्हणून त्यांचा पडदा तसाही रिकामाच राहणार होता.