दोनदा नाही, तिसऱ्यांदा हो

त्या विद्यापीठात कुणीही काहीही पहिल्या खेपेला घेत नसे. व्यासपीठावरची मधली खुर्ची असो, विभागप्रमुखपद असो की बशीतलं शेवटचं बिस्किट असो, आधी 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं की 'छे छे, माझ्याहून योग्य माणसं आहेत' म्हणायचं. तिसऱ्यांदा कुणी हात जोडले की 'आता तुमचा आग्रहच आहे तर' म्हणून जे घट्ट धरायचं ते निवृत्तीपर्यंत सोडायचं नाही. रसायनशास्त्राच्या एका प्रमुखाने पूर्वी कधीतरी पहिल्याच विचारण्याला 'घेतो की' म्हटलं होतं. माणूस कामाचा निघाला, अख्खी प्रयोगशाळा त्याच्या काळात उभी राहिली. पण अजूनही त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, हुशार होता, पण हावरट फार.

या विद्येत विधी शाखेच्या अधिष्ठात्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे नकोसर म्हणत. अधिष्ठातापद त्यांनी दोनदा नाकारून मिळवलं होतं, आणि तिसऱ्यांदा आग्रह कोणी, कधी आणि किती गहिवरून करायचा हे आदल्या संध्याकाळी कुलसचिवांना नीट समजावून ठेवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात; नकोसर भांडं तर लपवतच, शिवाय ताक मला बाधतं असंही सांगून ठेवत.

आता त्यांना हवी होती ती विद्यापीठात नव्याने निघणारी मानवी हक्क संस्था. खरं तर संस्थाही नको होती, हवा होता तिच्या संस्थापक संचालकाला मिळणारा बंगला, म्हणजे ज्यात ते आज राहत होते तोच. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. जन्मभर त्यांनी मालमत्तेचा कायदा शिकवला, पण स्वतःची मालमत्ता केली नाही. 'विद्यापीठाने छप्पर दिलं असताना घर बांधणं म्हणजे विद्यापीठावर अविश्वास दाखवणं,' असं ते सभांमधून सांगत आणि टाळ्या घेत. टाळ्यांना छप्पर नसतं हे त्यांच्या बायकोला फार आधीच कळलं होतं. एकुलता एक मुलगा त्याच शहरात मोठ्या फ्लॅटमध्ये राहत होता, पण तो अजून 'इकडे या' म्हणाला नव्हता आणि आपण होऊन विचारणं सरांच्या शास्त्रात बसत नव्हतं. संचालकपद मिळालं की पाच वर्षांची निश्चिंती होती. मानवी हक्कांचा एवढाच काय तो अर्थ त्यांना लागला होता, चार खोल्या आणि मागचं अंगण.

बरं, मग सरळ अर्ज करावा की नाही? पण अर्ज करणं म्हणजे मागणं, आणि मागणं म्हणजे हावरटपणा. म्हणून सर निवड समितीचे निमंत्रक झाले. नियमावलीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक कलम घातलं, की एकही उमेदवार योग्य न वाटल्यास समितीला अर्ज न केलेल्या व्यक्तीलाही पाचारण करता येईल. पुढचं सगळं कुलसचिवांच्या केबिनमध्ये दार लावून ठरलं. उमेदवार एकेक करून पडतील, मग कुलसचिव म्हणतील, सर, आता तुम्हीच. सर दोनदा नाही म्हणतील, तिसऱ्यांदा कुलगुरूंनी शब्द टाकायचा. कुलगुरूंना हे सांगितलं नव्हतं, पण त्या विद्यापीठात वाढलेल्या माणसाला हे सांगायचं काय? बायकोने मात्र परवाच खोक्यांत भरलेली भांडी सरांच्या सांगण्यावरून पुन्हा फडताळात लावली होती.

समितीत बाहेरचा एक सदस्य लागतो. त्यासाठी एका निवृत्त न्यायाधीश बाईंना बोलावलं होतं. वय झालेलं, बोलणं कमी, घर लांब. चहा पितील, सही करतील आणि मिळेल त्या गाडीने परत जातील असा कुलसचिवांचा अंदाज होता.

मुलाखती कुलगुरूंच्या दालनाशेजारच्या खोलीत झाल्या. लांब टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात गळक्या एसीखाली ठेवलेली प्लास्टिकची बादली. पहिला उमेदवार परदेशात शिकून आलेला प्राध्यापक होता. त्याने संस्थेचा आराखडा पडद्यावर दाखवला, त्यात परिषदाच परिषदा होत्या, माणूस एकही नव्हता. हक्क कुणाचे जातात असं न्यायाधीश बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की या प्रश्नाची आधी नीट मांडणी व्हायला हवी. दुसरे एक निवृत्त पोलीस अधिकारी होते. त्यांनी निवृत्तीनंतर पत्राने शिकवणाऱ्या एका संस्थेतून मानवी हक्कांची पदविका घेतली होती. कोठडीतल्या मारहाणीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले की हा विषय मी फार जवळून पाहिलेला आहे, आणि ते खोटं बोलत होते असं त्यांच्या मनगटाकडे पाहून कुणालाही वाटलं नसतं.

तिसरी एक वकील बाई होती. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं ऑफिस होतं. ज्यांचा खटलाच उभा राहत नाही अशा कैद्यांची कामं ती करायची. ती आत आली, कुणी बसा म्हणायच्या आधी बसली, बाटली उघडून पाणी प्यायली आणि समोरच्या बशीतलं बिस्किट तिने पहिल्या खेपेलाच उचललं. सरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या लेखी ती तिथेच निकालात निघाली. पहिलं काम काय कराल, असं त्यांनी उपचार म्हणून विचारलं. ती म्हणाली की फाटकावरचे रखवालदार दोन पाळ्या सलग करतात आणि त्यांना बसायला स्टूलसुद्धा नाही असं येताना दिसलं, तर सुरुवात तिथूनच करीन. कुलगुरू खिडकीबाहेर बघायला लागले. न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदाच काहीतरी टिपून घेतलं.

उमेदवार गेले आणि चर्चा सुरू झाली. तिला चर्चा म्हणायचं म्हणून म्हणायचं, कारण बोलत एकटे सरच होते. प्राध्यापकाला व्यवहार कळत नाही, अधिकाऱ्यांकडे विद्वत्ता नाही, वकील बाईंकडे दोन्ही असेल पण प्रशासनाचा अनुभव नाही. तीन माणसांना तीन वेगळ्या सुऱ्यांनी त्यांनी इतक्या हळुवारपणे कापलं की रक्ताचा थेंब टेबलावर पडला नाही. मग ते मागे टेकून बसले आणि चष्मा पुसू लागले. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला माणूस चष्मा फार पुसतो.

कुलसचिवांनी खाकरून ठरलेलं वाक्य म्हटलं. "मला वाटतं, संस्थेला घरचाच, अनुभवी माणूस हवा. सर, आता तुम्हीच ही जबाबदारी घ्या."

"छे छे," सर म्हणाले. "मला कशाला? मी आता थकलो. मला खरंच नको."

म्हटलं मात्र छान. 'खरंच'वर आवाज किंचित कापला होता, तो सरावाचा भाग होता. कुलसचिवांनी दुसऱ्या आग्रहासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सरांनी नाही म्हटलंय. ते इतिवृत्तात घ्या."

"मॅडम, ते नम्रतेने म्हणतात तसं," कुलसचिव गडबडले. "आमच्याकडे जरा आग्रह करावा लागतो."

"म्हणजे मानवी हक्कांच्या संस्थेत पहिल्याच दिवशी आपण माणसाच्या 'नाही'चा अर्थ 'हो' असा लावायचा?" बाई शांतपणे म्हणाल्या. "जन्मभर कोर्टात मी हेच ऐकलं. ती नाही म्हणाली साहेब, पण मनात तसं नव्हतं. सही करायला तो नाही म्हणाला, पण तो नुसता लाजत होता. मी ते कधी मानलं नाही. इथेही मानणार नाही."

कुलसचिव आपल्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. मग बाई सरांकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कुत्सितपणा अजिबात नव्हता, आणि हेच सरांना पुढे फार दिवस सलत राहिलं.

"सर, तुमच्या मनात वेगळं असेल तर आत्ता सांगा. हवं असणं हा काही गुन्हा नाही. तुम्हाला हे पद हवंय का?"

इतका सरळ प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. 'हो' हे एक अक्षर. ते म्हटलं असतं तर बंगला, अंगण, फडताळातली भांडी, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. त्यांच्या जिभेपर्यंत ते आलंही. पण कुलगुरू बघत होते, कुलसचिव बघत होते, आणि उद्या चहाच्या वेळी कुणीतरी म्हणणार होतं, हुशार होते, पण हावरट फार. आणि दुसऱ्या खेपेला नाहीच म्हणायचं असतं हे इतकं अंगवळणी पडलेलं, की तोंड आपलं आपणच चालू झालं.

"नाही, नाही. मी काही अपेक्षा ठेवून बसलेलो नाही."

आणि ते तिसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागले. त्यांनी कुलगुरूंकडे पाहिलंही. आता शब्द टाकायची पाळी त्यांची होती.

पण कुलगुरूंना भूक लागली होती. शिवाय शेजारच्याच इमारतीत पाच वर्षं नकोसरांची नम्रता सहन करायची कल्पना त्यांना कधीच फारशी रुचली नव्हती. सुंठीवाचून खोकला जात असताना सुंठ कोण उगाळत बसतं? ते म्हणाले, सरांच्या निरिच्छपणाबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे, आणि मग वकील बाईंबद्दल मॅडमचं काय मत आहे? मॅडमचं मत चांगलं होतं. रखवालदारांच्या स्टुलाचा खर्च काही फार नाही असा विचार कुलगुरूंनी केला असावा. जेवणाआधी सह्या झाल्या. सरांनीही केली, अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथेच संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण निमंत्रक तेच होते, तेव्हा निवड झाल्याचं कळवण्याचा फोनही त्यांनाच करायचा होता. सगळे समोर बसले होते, स्पीकर चालू होता. सरांना एकच आशा होती, की बाई भली असेल तर निदान एकदा नाही म्हणेल. भली माणसं म्हणतातच. ती नाही म्हणाली की आपण पुन्हा विचारायचंच नाही, तिच्या नकाराचा मान राखायचा, इतकं आता ते शिकले होते. त्यांनी तिला नकार सोपा व्हावा म्हणून केवढी तरी प्रस्तावना केली. तुमची कामं फार आहेत याची कल्पना आहे, इथला पगार तसा बेताचाच, तुम्हाला जमणार नसेल तर समिती अजिबात मनाला लावून घेणार नाही.

"येते की," ती म्हणाली. "मला हवंच होतं हे. सोमवारी आले तर चालेल?"

मागे कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता. न्यायाधीश बाई हसल्या. सर चालेल म्हणाले.

घरी बायकोने दार उघडलं आणि चेहरा पाहिला. तिला सांगावं लागलं नाही. तरी सरांनी सांगितलंच, की समितीचा फार आग्रह होता पण मीच नको म्हटलं. ती स्टूल ओढून वर चढली आणि फडताळातली भांडी खाली काढायला लागली. एवढ्यात मुलाचा फोन आला. त्याला बातमी कळली होती. सरांच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली आणि ते फोन घेऊन खिडकीशी गेले. बायकोने हातातलं पातेलं तसंच धरून कान दिला.

"बाबा, मग आता इकडेच या ना राहायला," मुलगा म्हणाला. "मागची खोली आहेच."

"नको रे," सर म्हणाले. "तुम्हाला कशाला उगाच अडचण?"

पलीकडे सुनेचा आवाज ऐकू आला, पण शब्द कळले नाहीत.

"बरं," मुलगा म्हणाला. "जशी तुमची इच्छा. मग जवळपास एखादं भाड्याचं बघू." आणि इकडची तिकडची दोन वाक्यं बोलून त्याने फोन ठेवला.

सर फोन हातात धरून उभे राहिले. तो पुन्हा वाजेल असं त्यांना वाटत असावं. बायको स्टुलावरून उतरली, पातेलं जमिनीवर ठेवलं. इतकी वर्षं या माणसासाठी ती लोकांना सांगत आली होती, ह्यांना अजून एकदा विचारा हो, ते तसेच आहेत. मुलाला ते सांगायचं तिच्याकडून राहून गेलं होतं.

"किती वेळा विचारलं त्याने?" तिने विचारलं.

"एकदाच."