उंबऱ्यावरचा टीव्ही

पाचपावलीच्या जागेश्वर पौनीकराला एक खोड होती, आणि ती काही त्याच्या एकट्याची नव्हती, अख्ख्या विणकर आळीची होती. दुकानातल्या दिव्याखाली कुठलाही रंग खरा मानायचा नाही. सूत असो की रेशीम, उचलायचं आणि उंबऱ्यावर आणून उन्हात पाहायचं. मग शहाऐंशी साली लेक प्रेमलता त्याला आणि कुसुमावतीला घेऊन इतवारीच्या बाजारात टीव्ही घ्यायला गेली, तेव्हा हा माणूस दुसरं काय मागणार?

प्रेमलता उमरेडच्या शाळेत मास्तरीण. मायबापाच्या घरी टीव्ही यावा ही तिचीच हौस. जागेश्वराच्या मनात मात्र निराळीच धाकधूक होती. दोन वर्षांपासून त्याची नजर जात चालली होती. भर उजेडातही तुटलेला धागा दिसेना, बोटांनी चाचपत काम चालायचं. घरात त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. लेकीला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी माग बंद करायला लावला असता. आणि मागाशिवाय जागेश्वरानं दिवसभर करायचं काय? तो विचारही त्याला नको होता.

रविवारची सकाळ, कार्यक्रम चालू. दुकानदार गुलाबचंद शेठनं मागच्या खोलीत पडदे ओढून रंगीत टीव्ही लावला होता. अंधारात तो असा खुलला, की प्रेमलता नुसती "बाप्पा" म्हणाली. शेजारी काळपट काचेचा ब्लॅक अँड व्हाइट रुसून बसल्यासारखा दिसत होता.

"अंधारात कोणता बी चांगलाच दिसते," जागेश्वर म्हणाला. "आमच्या मागावर छपरात काचेचं कवेलू हाय, ऊन सरळ आत येते. ते झाकून टीव्ही पाह्यला, तं विणू कसा? दोन्ही उंबऱ्यावर आणा, शेठजी."

"काका, टीव्ही है, लुगडं नाही," गुलाबचंद म्हणाला. पण विणकरांशी त्याचा जन्माचा व्यवहार. कुरकुरत का होईना, त्यानं दोन्ही टीव्ही दारात टेबलावर मांडले. काळपट काचेचा सुरू केला आणि दुसऱ्याची वायर शोधायला खाली वाकला.

जागेश्वराला घाई झाली होती. आपल्याला सगळं लख्ख दिसतं, हे एकदा लेकीसमोर दाखवून मोकळं व्हायचं होतं. त्यानं रंगीत टीव्हीकडे बोट केलं.

"हाच घ्या. बाईचं लाल लुगडं कसं उठून दिसून राह्यलं पाहा."

गुलाबचंद वायर हातात धरून वाकल्या जागेवरून वर पाहू लागला. रंगीत टीव्ही अजून बंदच होता. त्याच्या चकचकीत काचेत रस्ता दिसत होता, आणि रस्त्याच्या कडेला लाल लुगडं नेसून उभी असलेली कुसुमावती.

जागेश्वराला आपली चूक उमगली. प्रेमलता त्याच्याकडे रोखून पाहत होती.

"लगन झाल्यापासून यायले माझ्या लुगड्याबिगर काही दिसतच नाही," कुसुमावती पदर सारखा करत म्हणाली. "थट्टा करून राह्यले, शेठजी."

गुलाबचंद पोट धरून हसला. प्रेमलताही हसली, जरा उशिरानं. मग रंगीत टीव्ही सुरू झाला, तर उन्हात तो कच्च्या रंगाच्या कापडासारखा विटलेला. काळपट काचेत मात्र बोलणाऱ्या बाईची टिकलीसुद्धा दिसत होती.

"हाच द्या," कुसुमावती म्हणाली. "आमच्या घरी उजेडच लागते."

खोकं घेऊन दोघं नवराबायको एका रिक्षात बसली, प्रेमलता पुढच्या रिक्षात. गोळीबार चौक मागे पडला, तसा जागेश्वर कुसुमावतीकडे वळला.

"तुले कधीपासून ठाऊक हाय?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं झाली. तुमी जेवाले उठले, का मी तुटले धागे जोडून ठेवत होती."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुमाले विणाचं होतं ना."

आता जागेश्वराला उलगडा झाला. दोन वर्षांत एकही लुगडं व्यापाऱ्यानं परत केलं नव्हतं, आणि हा गडी आपल्या बोटांवर खूश होता! चाळीस वर्षांच्या संसारात या बाईला आपण एकदाही धड 'बरं केलंस' म्हटलं नाही, हे त्याला रिक्षात आठवलं. आताही म्हणता आलं नाही. त्यानं खोक्यावरचा तिचा हात नुसता धरून ठेवला.

पुढच्या रविवारी कवेलूखालच्या उन्हात टीव्ही सुरू झाला. आळीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या, प्रेमलताही होती. जागेश्वर मागावर होता. धागा तुटल्याचं बोटांना कळलं, तसा त्यानं माग थांबवला आणि लेकीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "प्रेमाची माय, धागा तुटला वाटते. मले दिसत नाही. पाह्य वं जरा."

प्रेमलतानं मान वळवली. कुसुमावती उठली, मागाशी बसली, तो धागा जोडला आणि शेजारचा आणखी एक तुटलेलाही जोडला.

प्रेमलतानं दोघांकडे पाहिलं. मग ती उठली आणि मागाशी बसल्या जागेवरून मायला दिसेल असा टीव्ही तिनं फिरवून ठेवला.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, बाबा," ती म्हणाली. "माय, तू तिथंच बस."