एकेचाळीसपैकी एकेचाळीस

दीपालीने माऊस सोडला, फोन उचलला आणि आईचा नंबर लावला. समोरच्या पडद्यावर हिरवी ओळ झळकत होती: वाघाचा इशारा, नाल्याजवळचा कॅमेरा, संदेश पोहोचले, एकेचाळीसपैकी एकेचाळीस.

"पहिल्याच खऱ्या इशाऱ्याले शंभर टक्के!" प्रकल्पप्रमुख अजय खुर्चीतच उडाला. चौकटीत खूण पडली की त्याला देव पावल्यासारखं वाटे. "चाचणीवर सही तुह्यीच आहे. पेढे आण आता."

सही तिचीच होती. जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला की गावातल्या फोनांवर इशारा वाजायचा, आणि तो वाजतो की नाही हे तपासायचं काम दीपालीचं. चाचणीला तिने आपलंच गाव निवडलं होतं. तिथे रेंज येते ती एकाच जागी, शिवेवरच्या चिंचेखाली. म्हणून साऱ्या गावाचे फोन पिशव्यांत घालून त्या झाडाला टांगलेले असतात. परवा ती झाडाखाली उभी राहिली, सगळ्या पिशव्या एकदम वाजल्या आणि तिने हसत हसत 'पास' लिहिलं. झाड रोजच्या पाहण्यातलं. त्यात काही चुकतंय हे तिच्या मनातही आलं नाही.

आत्ता घड्याळात सकाळचे साडेसहा वाजले होते आणि दिवस मोहफुलांचे होते. या दिवसांत सारं गाव पहाटेच फुलं वेचायला जंगलात जातं, फोन झाडालाच ठेवून.

फोन उचलला सुकलूने. गुडघे धरल्यापासून तो म्हातारा चिंचेखाली बसून पिशव्या राखायचा.

"मामा, माय कुठी आहे?"

"मोहाले गेली. सारेच गेले. इथी नुसते मोबाईल कोकलून राह्यले. काऊन वो पोरी?"

"वाघ आहे, मामा. नाल्यापाशी."

पलीकडे सुकलू कण्हत उठल्याचं ऐकू आलं.

"नाल्याकडंच तं गेल्या बाया."

मग थाळीवर काठी आपटल्याचा आवाज आला. फोन तसाच चालू राहिला होता. थाळीचा आवाज लंगडत लंगडत लांब गेला, बारीक झाला आणि ऐकू येईनासा झाला. अजय काहीतरी विचारत होता. तेवढ्यात फोन कट झाला. आईचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या सहीने, एवढंच तिला कळत होतं.

पाऊण तासाने फोन आला. आई धापा टाकत होती.

"आलो आमी साऱ्या. सुकलूभाऊ थाळी पिटत आला, तशा टोपल्या तिथीच टाकल्या अन् पळालो."

दीपालीला रडू कोसळलं. डोळे पुसत ती म्हणाली, "मामाले फोन दे."

"हाव, देतो." आईने तिकडे हाक मारली. मग आणखी एकदा मारली. मग ती कुणाला तरी हळूच विचारू लागली, "तुमच्यासंगं नाई आला का?"

दीपालीने पडद्यावर संदेश पोहोचलेल्यांची यादी उघडली. एकेचाळीस नावं तिने वरपासून खालपर्यंत वाचली. सुकलूचं नाव त्यात नव्हतं. त्याच्याकडे फोनच नव्हता.