घरातली सगळी मतं

शिंप्याच्या घरात सकाळपासून मशीनची खडखड चालू होती. सून शर्टांना काजं करत होती. तिचे दिवस भरत आले होते. धाकटा दीर फोनवर बोटं फिरवत होता. नगरपालिकेने नेटवर जनमत मागवलं होतं: गल्लीतलं प्रसूतिगृह बंद करून गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं का?

"आईचं होय, वहिनीचंही होय," दीर पुटपुटला.

बाईमाणसाला फोन कशाला, ही त्या घराची रीत. शेजारच्या घरांचीही तीच. त्यामुळे घरातल्या सगळ्यांची नावं दिराच्याच नंबरावर नोंदलेली.

"भाऊजी, माझं नाही म्हणा ना. मला गल्लीतल्या प्रसूतिगृहातच जायचंय."

"वहिनी, तिकडे एसी आहे. तू कशाला डोकं शिणवतेस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कॉलर उलटवण्यात गुंतला होता.

होयची मतं जास्त भरली आणि प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि रिक्षा पुलावरच्या गर्दीत अडकली. मुलगी रिक्षातच जन्मली. ती रडलीच नाही.

अंगात त्राण आल्यावर सून नगराध्यक्षांकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"ताई, पूर्वी सभेला चार पुरुष यायचे. आता नेटमुळे घराघरातली बाई बोलते. हे बघा, तुमचं मत. ही खरी लोकशाही!"

"साहेब, ते बोट माझं नव्हतं."

"नोंद तर तुमच्याच नावाची आहे."

"मग माझं नाव वेगळं करून द्या."

"अवश्य. वेबसाइटवर विनंती करा. ओटीपी तुमच्या नोंदलेल्या नंबरावर येईल."

घरी येऊन तिने दिराकडे ओटीपी मागितला. "घरात फूट पाडतेस का?" तो उखडला. नवऱ्याने मशीनची खडखड वाढवली.

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. नवा प्रश्न आला होता, गल्लीतल्या सार्वजनिक नळाबद्दल. इतके दिवस तोंडातून शब्द न काढलेल्या सासूने चष्मा काढून ठेवला.

"थांब. आधी मला विचार."

"अगं आई, झालंसुद्धा दाबून."

पडद्यावर अक्षरं उमटली होती. सुनेने ती सासूला वाचून दाखवली: आपला आवाज आमच्यापर्यंत पोचला.

"कुठला आवाज?" सासूने विचारलं.

दिराने फोन खिशात घातला. वाचकहो, हाच प्रश्न आपल्याही घरात कुणीतरी गिळून बसलं असेल.