निळ्या तीर्थाचा मास्तर

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात पिंपाभोवती ही गर्दी! निळ्या पाण्याच्या बाबानं गर्दीतल्या गोजरबाईचा विळा पिंपात बुडवला, डोळे मिटून पुटपुटला आणि वर काढला. विळा तांब्याचा!

"आमच्या तीर्थापुढं लोखंड टिकत न्हाई, तुमचा आजार काय टिकंल? घोटभर प्या, बराबर हप्त्यात गुण!"

रांगेत कोपरानं ढकलत पुढे घुसणारा इसम मीच, साहेबराव. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला, घरच्या भिंतीवर बौद्ध धम्माच्या बावीस प्रतिज्ञा लावलेला. माझा तर्कही मास्तरी होता. तांब्याच्या कळशीतलं शिळं पाणी गुणकारी म्हणतात, मग ज्यात तांबंच मुरलंय ते किती गुणकारी असेल! आई, केशरबाई, पंधरा दिवस पोटदुखीनं तळमळत होती. गोळ्या लागू पडत नव्हत्या आणि माझा धीर सुटला होता.

घरी येऊन वाटी आईच्या ओठाला लावणार, तोच सुट्टीवर आलेल्या भाचीनं, अक्षतानं, माझं मनगट पकडलं.

"मामा, काय करून राह्यले? यात मोरचूद हाये!"

मोरचूद! तांब्याचं ते निळं विष दरवर्षी मोसंबीच्या खोडांना फासून मी साबणानं हात धुतो.

अक्षता नागपूरच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ दगडांवर काम करते. तिनं मला ओढतच बाजारात नेलं. गोजरबाईच्या विळ्यावर कानस फिरवली. तांब्याचा पापुद्रा निघाला, आत लोखंड.

"टाकाऊ दगडात बारीक जंतू असतात," ती म्हणाली. "ते दगडातलं लोह-गंधक खाऊन जगतात, त्यात तांबं सुटून पाण्यात उतरतं. त्या पाण्यात लोखंड टाकलं की थोडं लोखंड विरघळतं आन् त्याच्या जागी तांबं बसतं. आम्ही टाकाऊ दगडातून तांबं असंच काढतो."

"मंग बाबाचं काय हाये याच्यात?" गोजरबाईनं विचारलं.

"पिंप."

बाबा आधी अशाच एका खाणीवर पहारेकरी होता, तिथूनच कॅन भरून आणायचा. लोकांनी पोलीस बोलावले, तेव्हा हे त्यानं कबूल केलं.

आई आता जालन्याच्या डॉक्टरांकडे आहे, जेवू लागलीय. अक्षता घरात नसती तर मी आज आईमागं पुण्यानुमोदनाचा मंडप घालत असतो.

तेव्हा लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? तीस वर्षं मी पोरांना हा प्रश्न विचारायला शिकवलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा विचारला नाही आणि आईच्या ओठापर्यंत विष नेलं.